गोल्फ क्लब घरी जुळवणं आणि दुरुस्त करणं: सुरुवात कुठून करावी

गोल्फ क्लबचे भाग मोजून चार: हेड, शाफ्ट (दांडी), ग्रिप (मूठ) आणि हेडच्या मानेवर बसणारी छोटी प्लास्टिकची कडी, म्हणजे फेरूल. त्यांना धरून ठेवतात दोन गोष्टी. ग्रिपखालची टेप, आणि होझलमधली, म्हणजे शाफ्ट आत जातो त्या हेडच्या पोकळ मानेतली, इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद). बाकी यात लपलेलं काही नाही, म्हणून हे काम घरच्या टेबलावर नीट होऊ शकतं. शिकण्याचा क्रम मात्र पाळायला हवा, आणि तो ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: हे चुकलं तर परत फिरवता येईल का? ग्रिप वाकडी बसली तर कापून दुसरी घालता येते. हेड चुकीचं चिकटलं तर तापवून काढता येतं, जरा जोखीम असते. शाफ्ट आखूड कापला गेला तर तो गेलाच. त्यामुळे आधी ग्रिप, मग जोड, आणि कापाकापी सगळ्यात शेवटी.

सरावाला जुनी, स्टील शाफ्टची साधी आयर्न (धातूच्या पातळ हेडचा क्लब) घ्या. हेडच्या मागे चिकटवलेले बिल्ले नसावेत, आतून पोकळ नसावं. रोजच्या खेळातल्या क्लबवर पहिला हात अजिबात चालवू नका.

सामान फार लागत नाही. टेबलाला बोल्टने घट्ट बसवलेला बेंच व्हाइस, आणि त्यात शाफ्ट धरायला खाचेचा रबरी क्लॅम्प. हा क्लॅम्प टाळू नका. स्टीलचा शाफ्ट ही पातळ नळी असते, व्हाइसच्या उघड्या जबड्यात ती चेपते आणि पुढे त्याच जागी मोडते. ग्राफाइटचा, म्हणजे कार्बन तंतूंचा, शाफ्ट तर आतून तडकतो आणि बाहेरून काही दिसतही नाही. शिवाय हुकच्या आकाराचं ब्लेड, डबल-साइड टेप, सॉल्व्हंट, ट्रे, व्हर्नियर कॅलिपर, निदान एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, हीट गन, कानस, पॉलिश पेपर आणि ४८ इंची पट्टी.

ग्रिप

जुनी ग्रिप काढताना हुक ब्लेड तोंडाकडून (खालच्या उघड्या बाजूकडून) टोपीकडे (वरच्या बंद टोकाकडे), अंगापासून लांब जाईल असं ओढा. सरळ पात्याचा कटर स्टीलवर एक वेळ चालेल, पण ग्राफाइटवर त्याचं टोक रबरातून उतरून तंतू कापतं, आणि हा काप नव्या ग्रिपखाली झाकला जातो. ग्रिप सोलली की जुनी टेप निघायला कंटाळवाणी असते. हेअर ड्रायरने थोडी ऊब दिली की पट्टीच्या पट्टी निघते. ग्राफाइटवर प्लास्टिकची खरवडणी वापरा. उरलेला चिकटा सॉल्व्हंटच्या फडक्याने पुसून काढा. तो उंचवटा होऊन बसला तर नव्या ग्रिपमधून हाताला लागतो.

आता मापं. बहुतेक शाफ्टची वरची जाडी ०.६०० किंवा ०.५८० इंच असते आणि ग्रिपच्या आत कोअरचं माप लिहिलेलं असतं. ०.६०० च्या शाफ्टवर ०.५८० ची ग्रिप चढते, पण ताणून बसल्याने बाहेरची जाडी थोडी वाढते. ग्रिप जाड हवी असेल तर टेपखाली मास्किंग टेपचे वेढे देतात. एका वेढ्याने व्यास टेपच्या जाडीच्या दुप्पट वाढतो, म्हणजे ०.१३ मिमीच्या टेपने ०.२६ मिमी. ‘एक वेढा म्हणजे १/६४ इंच’ हा ठोकताळा सगळीकडे ऐकायला मिळतो. पातळ टेपला तो लागू पडत नाही. ग्रिपच्या टोकापासून दोन इंच खाली कॅलिपरने मोजा. पुरुषांच्या स्टँडर्ड मापाला तिथे साधारण ०.९०० इंच यायला हवं.

नवी ग्रिप शाफ्टशेजारी धरून तिचं तोंड कुठे येईल तिथे खूण करा. टेप त्या खुणेच्या जरा अलीकडेच संपवा, नाहीतर खाली डोकावते. वरच्या बाजूला अर्धा इंच टेप जास्त सोडून ती पिळून शाफ्टच्या आत दाबा. नळीचं तोंड बंद झालं की सॉल्व्हंट आत उतरत नाही आणि ग्रिप चढवताना शाफ्टची धारदार कड टोपी फाडत नाही.

सॉल्व्हंट म्हणून मिनरल टर्पेंटाइन चांगलं. पाण्यावर चालणारी टेपही मिळते, तिला वास नाही आणि आगीची भीती नाही. पेट्रोल मात्र वापरू नका. त्याची वाफ दूरवरच्या ठिणगीनेही पेटते. सॉल्व्हंटचं काम आणि हीट गनचं काम एका जागी एकाच वेळी कधीही करू नका.

टोपीच्या भोकात टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) खोचा, ग्रिपमध्ये साधारण ३० मिली सॉल्व्हंट ओता, तोंड अंगठ्याने दाबून चांगलं हलवा आणि ते सगळं टेपच्या पूर्ण लांबीवर ओता. खाली ट्रे ठेवा, तेच पुन्हा वापरता येतं. टेपचा एकही भाग कोरडा राहता कामा नये. मग ग्रिपचं तोंड चिमटीत चपटं करून त्याची खालची कड शाफ्टच्या टोकावर अडकवा आणि न थांबता एका दमात ढकला. टोपी टेकल्याचा ठोका हाताला जाणवतो. ग्रिप मध्येच थांबली तर बहुतेक वेळा टेप कमी भिजलेली असते. अशा वेळी जोर लावत बसू नका, लगेच मागे ओढून घ्या आणि पुन्हा भिजवा. अर्धा मिनिट गेला की ती तिथेच बसते आणि कापण्यावाचून इलाज उरत नाही.

बसल्यावर तोंड खुणेशी आहे का ते बघा. खुणेच्या खाली गेलं असेल तर ग्रिप ताणली गेली आहे, म्हणजे खालच्या हाताखाली बारीक झाली आहे. ती वर सरकवा. हेडची पुढची कड आणि ग्रिपवरची खूण जुळवा, क्लब खेळायच्या स्थितीत धरून वरून एकदा पाहा. पहिली दोन-तीन मिनिटं ग्रिप फिरवता येते. त्यानंतर रात्रभर हात लावू नका. घाईने खेळायला काढलेली ग्रिप आत अडकलेल्या सॉल्व्हंटमुळे तळव्यात फिरते, आणि एकदा फिरली की टेपचा लगदा होतो.

हेड सोडवणं

इपॉक्सी साधारण १२० ते १५० अंश सेल्सिअसच्या आसपास पकड सोडायला लागते. होझल तेवढं तापवायचं, त्याहून जास्त नाही. आधी फेरूल कापून काढा, ती जळली की घाणेरडा धूर होतो. क्लॅम्पमध्ये शाफ्ट धरून हीट गन होझलभोवती सतत फिरवत ठेवा. स्टील शाफ्टच्या आयर्नला दोन-तीन मिनिटं लागतात. मग जाड चामडी हातमोजे घालून हेड हलकेच पिळून बघा. पकड सुटली की ते एकदम सैल होतं. सुटलं नाही तर पुन्हा तापवा. काढलेलं हेड विटेवर किंवा धातूच्या पत्र्यावर ठेवून आपोआप निवू द्या, पाण्यात बुडवू नका.

ग्राफाइटच्या बाबतीत नियम बदलतो, कारण शाफ्टमधले कार्बनचे तंतूही रेझिननेच बांधलेले असतात. होझलमधली इपॉक्सी सैल करणारी उष्णता शाफ्टचं टोकही मऊ करते, आणि अशा वेळी पिळलं की तंतू एकमेकांपासून सुटतात. बाहेरून शाफ्ट ठणठणीत दिसतो आणि नंतर फटक्याला मोडतो. ग्राफाइट शाफ्ट वाचवायचा असेल तर हेड सरळ रेषेत ढकलणारा शाफ्ट पुलर लागतो. त्याशिवाय प्रयत्न करायचा तर शाफ्ट वाया जाणार हे धरूनच करा.

काही हेडना उष्णता लावूच नये. पोकळ, आत पॉलिमर भरलेल्या आयर्न, पाठीवर चिकटवलेले बिल्ले असलेल्या आयर्न, आणि कार्बन कंपोझिटचा माथा चिकटवलेले ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचे क्लब). यातल्या बहुतेक नव्या ड्रायव्हरना स्क्रूने सुटणारी अ‍ॅडॅप्टर स्लीव्ह असते. हेड बाजूला काढून फक्त स्लीव्ह तापवायची असते, त्यामुळे ड्रायव्हरचा शाफ्ट बदलणं उलट सोपं झालं आहे. एका कंपनीची स्लीव्ह दुसऱ्या कंपनीच्या हेडला चालत नाही, एवढं लक्षात ठेवा.

शाफ्ट होझलच्या तोंडाशी मोडला असेल तर आतला तुकडा काढणं ही वेगळी कसरत. स्टीलचा तुकडा असेल तर त्याच्या नळीत जाड स्क्रू फिरवून घट्ट बसवा, होझल तापवा आणि स्क्रू पकडीने ओढा. ग्राफाइटचा तुकडा ड्रिलने कोरून काढावा लागतो. ड्रिल तिरकं गेलं तर होझल ओवल होतं आणि हेडच निकामी होतं. बारीक बिटाने मधोमध भोक पाडून टप्प्याटप्प्याने मोठं करत जा.

कोणता शाफ्ट कुठे बसतो

इथे चार आकडे पाठ असावेत. आयर्नमध्ये ०.३५५ इंच (९.०२ मिमी) टेपर आणि ०.३७० इंच (९.४० मिमी) पॅरलल. वुडमध्ये (ड्रायव्हरसारखे मोठ्या हेडचे क्लब) ०.३३५ इंच (८.५१ मिमी) आणि ०.३५० इंच (८.८९ मिमी). काढलेल्या शाफ्टचं माप हेडकडच्या अगदी टोकाशी आणि तिथून एक इंच वर असं दोनदा घ्या. दोन्ही सारखी आली तर पॅरलल, वरचं जास्त आलं तर टेपर. ०.३५५ चा शाफ्ट ०.३७० च्या होझलमध्ये पितळी शिम (फट भरणारी पातळ नळी) लावून बसवता येतो. उलटं करायचं तर होझल आतून मोठं करावं लागतं, सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका.

टेपर शाफ्ट प्रत्येक क्लबसाठी वेगळ्या लांबीचा येतो आणि तो फक्त वरून, ग्रिपच्या बाजूने कापतात. टोक कापलं की जाडी बदलते, मग तो होझलमध्ये जातच नाही. पॅरलल शाफ्ट एकाच लांबीचे येतात आणि टोकाकडून कापून प्रत्येक क्लबला हवा तितका ताठपणा आणतात. लांब आयर्नकडून आखूड आयर्नकडे जाताना हा काप साधारण अर्ध्या-अर्ध्या इंचाने वाढतो. शाफ्ट बनवणारी कंपनी याचा तक्ता देते आणि तोच पाळायचा, अंदाज चालवायचा नाही.

जोड

सुटून आलेल्या हेडचा जोड उघडून पाहिला तर बरेचदा इपॉक्सी एका बाजूला पूर्ण चिकटलेली आणि दुसऱ्या बाजूने सालीसारखी सुटलेली दिसते. सुटलेली बाजू म्हणजे जिथे क्रोम किंवा रंग तसाच राहिला होता ती. इपॉक्सी चांगली असूनही जोड जातो तो या कारणाने. म्हणून घासण्याला चिकटवण्यापेक्षा जास्त वेळ द्या.

होझलची खोली काडीने मोजा, आयर्नमध्ये ती साधारण एक ते सव्वा इंच असते. तेवढं अंतर शाफ्टच्या टोकापासून मोजून मास्किंग टेपने बंद करा. स्टीलवरचं क्रोम ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा. ग्राफाइटवर फक्त रंग काढायचा. उडणारी भुकटी रंगीत आहे तोवर रंग निघतो आहे, काळी यायला लागली की थांबा, पुढे तंतू कापले जातात. होझलच्या आत गोल तारेचा ब्रश ड्रिलला लावून फिरवा, जुन्या इपॉक्सीचा पातळ थरही ठेवू नका. मग दोन्ही बाजू अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका.

ग्राफाइट बसवणार असाल तर होझलच्या तोंडाची आतली कड काउंटरसिंकने थोडी मोडून घ्या. जिथे शाफ्ट होझलमधून बाहेर येतो तिथेच तो सगळ्यात जास्त वाकतो. धारदार कड तिथे दर फटक्याला ग्राफाइट कुरतडत राहते.

सगळं आधी कोरडं बसवून पाहा. फेरूल योग्य जागी येते का, शाफ्ट तळाला टेकतो का, सैल तर नाही. थोडा सैल असेल तर इपॉक्सीत चिमूटभर बारीक काचमणी मिसळतात, त्याने शाफ्ट मधोमध राहतो. फेरूल गरम पाण्यात मिनिटभर ठेवली की सहज चढते. भोक पाडलेल्या लाकडी ठोकळ्याने ती ठोकत खुणेपर्यंत न्या.

इपॉक्सी २४ तासांत वाळणारी आणि गोल्फ क्लबसाठी म्हणून विकली जाणारीच घ्या. पाच मिनिटांत वाळणारी ठिसूळ होते आणि ऊन-धक्क्यांत सुटते. मिश्रणाचं प्रमाण डब्यावर पाहा, काहींचं १:१ असतं, काहींचं २:१. एका जोडाला खरं तर मिलिलीटरभरही पुरते, पण इतकं थोडं मिसळताना प्रमाण हमखास चुकतं. निदान चार-पाच ग्रॅम बनवा आणि दोन मिनिटं, कडेचं आत ओढत मिसळा. उरलेला गोळा कागदावर तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यात नख रुतलं तर जोडातली इपॉक्सीही कच्चीच आहे असं समजा.

होझलच्या आतून आणि शाफ्टच्या टोकाला, दोन्हीकडे पातळ थर लावा. शाफ्ट फिरवत फिरवत आत घाला, म्हणजे हवा निघून जाते आणि थर सगळीकडे पसरतो. तळाला टेकल्यावर हेड जमिनीवर दोनदा हलके आपटा. बाहेर आलेली इपॉक्सी अल्कोहोलच्या फडक्याने लगेच पुसा. मग शाफ्टवरचं नाव किंवा ग्रिपची खूण हेडशी जुळवून, हेड खाली ठेवून क्लब भिंतीला टेकवा. २४ तास हा खोलीच्या साधारण तापमानाचा हिशेब आहे. गारठ्यात दुप्पट वेळ द्या.

फेरूल होझलपेक्षा जाड असेल तर बारीक कानशीने आणि मग ४०० च्या कागदाने समपातळीला आणा. शेवटी अ‍ॅसिटोनमध्ये जेमतेम ओलसर केलेलं फडकं एकदाच, न थांबता गोल फिरवा. घासल्याने पांढरट झालेलं प्लास्टिक त्या एका हाताने काळंभोर चकचकीत होतं. फडकं जास्त ओलं असेल किंवा एका जागी थांबलं तर तिथे खळगा पडतो.

लांबी आणि कापणं

क्लब खेळायच्या स्थितीत जमिनीवर ठेवून, हेडच्या टाचेच्या (शाफ्टकडच्या बाजूच्या) मागून पट्टी शाफ्टच्या कडेने वर नेऊन ग्रिपच्या टोकापर्यंत मोजा. ग्रिपची टोपी साधारण ३ मिमी भर घालते, तेवढं शाफ्टमधून वजा करायचं. नियमांत पटर (चेंडू भोकात ढकलायचा क्लब) सोडून बाकी क्लबना ४८ इंचांची कमाल मर्यादा आहे. जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या आयोजकांना स्थानिक नियमाने ती ४६ इंचांवर आणता येते. कोणताही क्लब १८ इंचांपेक्षा आखूड नसावा.

स्टीलला पाइप कटर चालतो. ग्राफाइटला तो कधीही लावू नका, त्याचं चाक दाबून कापतं आणि नळी चिरडते. कापायच्या जागी मास्किंग टेपचे दोन वेढे देऊन ३२ दातांच्या हॅकसॉ ब्लेडने, शाफ्ट थोडा थोडा फिरवत कापा. मास्क लावा आणि जागा ओली ठेवा, कार्बनची भुकटी फुफ्फुसांना आणि कातडीला त्रास देते.

स्विंगवेट, खास तराजूशिवाय

स्विंगवेट म्हणजे क्लब फिरवताना हेड किती जड लागतं याचं माप. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि थोडं गणित केलं की तो संपतो. १९२० च्या दशकात रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी बनवलेल्या तराजूत क्लब ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर टेकवतात आणि हेडकडचा भार किती ते मोजतात. तोच आकडा घरी काढता येतो. क्लब पट्टीच्या कडेवर आडवा तोलून तोलबिंदू शोधा आणि तो ग्रिपच्या टोकापासून किती इंचांवर आहे ते मोजा. त्यातून १४ वजा करा आणि क्लबच्या ग्रॅममधल्या एकूण वजनाने गुणा. स्विंगवेट अक्षर आणि अंकाने सांगतात. उत्तर ६०५३ आलं तर क्लब डी-० आहे. त्यापुढे दर ५० ला एक अंक वाढतो.

उदाहरण घेऊ. ७ नंबरच्या आयर्नचं वजन ४३० ग्रॅम, तोलबिंदू २८.३ इंचांवर. १४.३ गुणिले ४३० म्हणजे ६१४९. त्यातून ६०५३ गेले, उरले ९६, म्हणजे जवळजवळ दोन अंक. क्लब डी-२. तोलबिंदू मोजण्यात दहाव्या हिश्शाचा इंच चुकला तरी जवळपास एक अंक इकडेतिकडे होतो, म्हणून क्लब उलटसुलट करून तीनदा तोला.

बदल कशाने किती होतो हेही यावरून कळतं. ३७ इंचांच्या आयर्नचं हेड टेकूपासून सुमारे २३ इंचांवर असतं, म्हणजे हेडवरचे दोन ग्रॅम साधारण एक अंक. ग्रिपचं वजन टेकूच्या मागे पडतं, त्यामुळे पाच ग्रॅम जड ग्रिप एक अंक कमी करते. जाड ग्रिप घातल्यावर हेड हरवल्यासारखं वाटतं ते याच कारणाने. क्लब अर्धा इंच लांब केला की तीनेक अंक वाढतात, आखूड केला की तेवढेच उतरतात.

म्हणून हा हिशेब चिकटवण्याआधी करायचा. एखादी जुनी ग्रिप लांबीने चिरून ठेवा, ती कोरड्या जोडणीवर नुसती चढवून मोजता येतं. वजन कमी पडलं तर शाफ्टच्या टोकात बसणारे पितळेचे किंवा टंगस्टनचे दोन-चार ग्रॅमचे प्लग इपॉक्सीसोबत घालता येतात. जोड झाल्यावर उरतो तो शिशाच्या टेपचा पर्याय. ती लावायच्या आधी वजनकाट्यावर टाकून मोजा, लावून झाल्यावर हात धुवा. सेटमधली हेड सुटी असतील तेव्हा सगळी तोलून घ्या. अर्ध्या इंचाच्या फरकाने आखूड होत जाणाऱ्या सेटमध्ये शेजारच्या दोन हेडमध्ये साधारण सात ग्रॅमचा फरक असावा.

लाय, म्हणजे हेड जमिनीवर टेकलेलं असताना शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन, तपासायला घरी फक्त एक मार्कर लागतो. चेंडूवर उभी जाड रेघ काढून ती हेडच्या चेहऱ्याकडे करा आणि मारा. चेहऱ्यावर उमटलेली रेघ वरून हेडच्या टोकाकडे (शाफ्टपासून लांबच्या बाजूकडे) झुकली असेल तर क्लब जास्त उभा आहे, टाचेकडे झुकली असेल तर जास्त आडवा. वाकवणं मात्र लॉफ्ट (चेहऱ्याचा तिरपेपणा) आणि लाय बदलणाऱ्या मशीनवरच करून घ्या. फोर्ज केलेलं मऊ पोलाद दोनेक अंश सहज वाकतं. १७-४ स्टेनलेसचं ओतीव हेड कडक असतं, व्हाइसमध्ये धरून पाइपने वाकवायला गेलं की ते होझलच्या मुळाशी तडकतं, आणि नुकताच केलेला जोडही त्यासोबत जातो.